समुद्रापलीकडचं दुखणं

फिबीआत्याने ते पत्र पाळकसाहेबांच्या टेबलावर ठेवलं नाही, आपटलं. दौत उडाली. पाळक उमाप उडाले नाहीत, पण चष्मा सावरायला त्यांना दोन्ही हात लागले.

“वाच रे शमू, परत वाच,” ती मला म्हणाली. “कशासाठी गुडघे टेकायचेत ते पाळकसाहेबांनाही कळू दे.”

मी मिशन शाळेत इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे आमच्या चर्चच्या मंडळीचा परदेशी पत्रव्यवहार माझ्या गळ्यात होता. हे पत्र स्कॉटलंडहून आलं होतं. तिथल्या एका मंडळीशी आमच्या मंडळीचं नातं जोडलेलं होतं. त्यांनी आमच्यासाठी प्रार्थना करायची, आम्ही त्यांच्यासाठी, आणि दर तीन महिन्यांनी दोन्हीकडून प्रार्थनेचे विषय कळवायचे. त्यांच्या गावाचं नाव आमच्यापैकी कुणालाच धड उच्चारता येत नसे, म्हणून आम्ही ‘समुद्रापलीकडची मंडळी’ म्हणत असू. ते आम्हांला काय म्हणत असतील याचा विचार आम्ही केला नव्हता.

मी वाचलं. विषय तीन होते. चर्चमधल्या ऑर्गनच्या दोन नळ्या बिघडल्या होत्या, त्या लवकर दुरुस्त व्हाव्यात. जूनमध्ये संडेस्कूलची सहल होती, त्या दिवशी ऊन पडावं. आणि मंडळीच्या बागेतले गुलाब प्रदर्शनात ठेवायचे होते, त्यांना कीड लागू नये.

“आता आपण काय कळवलं होतं ते सांग.”

आम्ही कळवलं होतं की कंपाऊंडातली विहीर आटली आहे, शिमोन वॉचमनला क्षयाची बाधा झाली आहे, आणि सगुणा भांबळची दुसरी मुलगी गोवराने गेली.

“म्हणजे आपल्याकडे लेकरं जातायत आणि त्यांच्याकडे गुलाब,” आत्या म्हणाली. “या बायांना काही दुखतखुपत नाही का, पाळकसाहेब? कुणाचा नवरा पीत नाही? कुणाची लेक तोंड फिरवून जात नाही? आपलं सगळं उघडं करून घेतात आणि स्वतःचं झाकून ठेवतात. ही कसली भगिनी मंडळी?”

पाळकसाहेब म्हणाले, प्रभूच्या दृष्टीने कुठलाही विषय लहान नाही.

“प्रभूच्या नसेल. माझ्या आहे,” आत्या म्हणाली. आणि यापुढे समुद्रापलीकडच्या मंडळीसाठी आपण तोंड उघडणार नाही, असं सांगून छत्री उचलून निघून गेली.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची, नगर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावातली. प्रार्थनेचा संप आमच्या मंडळीने त्याआधी पाहिला नव्हता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपदेशानंतर मध्यस्थीची प्रार्थना होई. आजाऱ्यांसाठी कुणी एक, पावसासाठी दुसरा, सरकारला सुबुद्धी मिळावी म्हणून एक रिटायर्ड हवालदार. शेवटी समुद्रापलीकडची मंडळी. तो भाग एकोणीस वर्षं फिबीआत्याचा होता. तिच्या प्रार्थनेला नक्षी नसे. वजनात मारणाऱ्या दुकानदाराशी बाई बोलेल तशी ती देवाशी बोलायची, आणि लोक फक्त त्यासाठी थांबायचे.

ती आत्या कुणाचीच नव्हती, पण कंपाऊंडातले सगळे तिला आत्या म्हणत. जन्मभर तिने बायबलबाईचं काम केलं होतं. म्हणजे काखेत पिशवी मारून खेडोपाडी जायचं, चुलीपुढे बसून बायांना शास्त्र सांगायचं आणि जोडीला न मागितलेला सल्ला द्यायचा. त्यातली चौदा वर्षं ती मिशनच्या मॅडमबरोबर बैलगाडीतून फिरली. मॅडम बावन्न साली मायदेशी गेल्या. तेव्हापासून आत्या एकटी फिरे. पुढे पायांनी ऐकेना तेव्हा ती रविवारी बायकांचा शास्त्रवर्ग घेऊ लागली. विधवा होती. एकुलता एक मुलगा अमोस बोटीवर होता.

अमोस बोटीवर नव्हता. हे गावात दोघांना ठाऊक होतं, आत्याला आणि मला.

तो जबलपूरला एका कारखान्यात होता. तिथल्या भांडणात त्याच्या हातून लोखंडी पहार बसली आणि समोरचा माणूस मेला. दहा वर्षांची सजा झाली. सजा कमी व्हावी म्हणून अर्ज इंग्रजीत करायचा होता, म्हणून आत्या एका दुपारी शाळेत माझ्याकडे आली. मी अर्ज लिहिला. तो मी वाचून दाखवला तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती.

“शपथ घालत नाही, आपल्यात शपथ नसते,” ती म्हणाली. “पण हे तुझ्यामाझ्यात, शमू. पोरं कशी वाढवावीत ते मी तीस वर्षं लोकांच्या लेकीसुनांना सांगत आले. हे कळलं तर माझ्या तोंडून शास्त्र कोण ऐकणार?”

अर्जाचं काही झालं नाही. लोक विचारत, अमोस कुठे असतो? ती म्हणे, लांब. मंडळीनेच मग त्याला बोटीवर चढवलं. दर महिन्याला हवालदार सरकारनंतर ‘बोटीवरील आमचे बंधू अमोस’ यांच्यासाठी समुद्र शांत राहावा अशी प्रार्थना करत, आणि सगळे ‘आमेन’ म्हणत. आत्याचा आमेन इतरांच्या थोडा मागून यायचा.

संप पुकारल्यावर आठ दिवसांनी तिने मला बोलावून पत्र सांगितलं. लिही, म्हणाली. भगिनींनो, तुमचे गुलाब आम्हांला नकोत. तुमच्यात कोण रडतं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला रात्री झोप लागत नाही, ते कळवा. नाहीतर आमच्यासाठी मागणंही बंद करा. आम्ही काही प्राणिसंग्रहालय नाही.

मी इंग्रजीत लिहिलं: आपल्या विविध उपक्रमांविषयी अधिक जाणून घ्यायला आम्हांला आनंद वाटेल. उत्तरात उपक्रमांचं छापील पत्रक आलं, गुलाबांच्या फोटोसकट. ते पाहून आत्याने पत्रकाचे चार तुकडे केले आणि तिच्या शेळीने त्यातले दोन खाल्ले.

आणखी एक पत्र आलं. आमच्या चर्चला पंचाहत्तर वर्षं होत होती, त्यासाठी डिसेंबरात समुद्रापलीकडून चौघे जण येणार होते. पाळक उमाप ते पत्र हातात घेऊन नाचायचेच बाकी होते. मी शेवटच्या परिच्छेदापाशी थांबलो. बायकांच्या प्रार्थनागटाच्या प्रमुख मिसेस लेनॉक्स यांना फिबीला भेटायची फार ओढ आहे, असं त्यात होतं. गेली तीन वर्षं त्या रोज सकाळी फिबीसाठी आणि तिच्या मुलासाठी प्रार्थना करत आहेत.

“पुढे वाचा की, मास्तर,” पाळकसाहेब म्हणाले.

पुढे काही नाही, असं मी सांगितलं.

तर आता सांगतो. पहिली दोन वर्षं मी विहीर, दुष्काळ, संडेस्कूल असे विषय कळवत होतो. उत्तर यायचं, पत्राबद्दल आभारी आहोत. मग एका खेपेला, अर्ज लिहून दिल्यावर महिनाही झाला नव्हता, मी अमोसबद्दल लिहिलं. नावानिशी. तुरुंग, पहार, दहा वर्षं. जबलपूरच्या गाडीत आत्या मांडीवर भाकरीचा डबा घेऊन कशी बसते तेही लिहिलं; तो डबा मी कधी पाहिला नव्हता. उत्तर चार पानांचं आलं. तुमचं पत्र वाचताना सभेत सगळ्या बायका रडल्या, असं त्यात होतं. माझ्या हातचं वाचून रडलेली माणसं तोवर मी फक्त वार्षिक निकालाच्या दिवशी पाहिली होती. ती चार पानं मी शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. नंतरच्या पत्रांतून मी अमोसची हालहवाल कळवत राहिलो, आणि त्यांच्या उत्तरांतला अमोस मंडळीच्या कमिटीला वाचून दाखवताना गाळत राहिलो. स्कॉटलंड लांब आहे, मी मनाशी म्हणायचो. मधे समुद्र आहे.

मी मिसेस लेनॉक्सना तातडीने पत्र टाकलं, की कृपा करून तो विषय काढू नये. मग आत्याकडे गेलो. डिसेंबरात थंडी फार पडते, नागपूरला बहिणीकडे जाऊन ये, असं सुचवलं. दरवर्षी दोनदा ती त्याच बहिणीकडे जात असे, आणि ती बहीण जबलपूरच्या तुरुंगात असे.

“नागपूरला थंडी नसते का?” तिने विचारलं. मग म्हणाली, “मी कुठे जात नाही. मला बघायचंय, काहीच न दुखणाऱ्या बाया दिसतात कशा.”

तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. मी तिच्या शेळीची चौकशी केली आणि परत आलो.

पाहुण्यांची जीप रविवारी नगरहून उपासनेला पाऊण तास उशिरा आली, त्यामुळे त्यांना थेट वेदीपाशी नेण्यात आलं. बाजूला घेऊन कानात काही सांगायची सोयच नव्हती. हार, पेटी, भजन, पुन्हा हार. मिसेस लेनॉक्स साठीच्या, काटकुळ्या, उन्हाने नाक लाल झालेल्या बाई होत्या; हाराच्या वजनाने जरा पुढे वाकल्या होत्या. मी दुभाष्या म्हणून त्यांच्या शेजारी उभा होतो. तुम्हांला माझं पत्र मिळालं का, एवढं मी हळूच विचारलं. त्या आनंदाने म्हणाल्या, हो, तुमची सगळी पत्रं जपून ठेवली आहेत. शेवटचं पत्र त्यांच्या घराच्या दारात तेव्हा नुकतंच पडलं असावं.

त्यांनी मंडळीकडे बघून विचारलं, “यात फिबी कोण?”

बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत आत्या उभी राहिली. पांढरं लुगडं, हातात छत्री, चेहऱ्यावर संप.

मिसेस लेनॉक्सनी बायबलमधून एक पुठ्ठ्याचा तुकडा काढला. त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी हे कार्ड हातात घेते. तुझ्यासाठी मागते आणि तुरुंगातल्या अमोससाठी मागते.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “बाई म्हणतात, बोटीवर असलेल्या अमोससाठी त्या रोज सकाळी प्रार्थना करतात.”

“आमेन,” हवालदार म्हणाले.

मिसेस लेनॉक्स म्हणाल्या, अजून सात वर्षं राहिली, फिबी. मीही मोजते आहे.

“समुद्र शांत राहावा, असं त्या म्हणतात.”

आत्या माझ्याकडे बघत होती. ती रांगेतून बाहेर आली आणि मधल्या वाटेने चालत पुढे येऊन उभी राहिली. छत्रीचं टोक फरशीवर टेकल्याचा आवाज प्रत्येक पावलाला येत होता.

“शमू, बाई काय म्हणाल्या?”

“सांगितलं ना, आत्या.”

“ते तू म्हणालास. बाई काय म्हणाल्या ते विचारतेय मी.”

मी पेटीवाल्याकडे बघू लागलो.

“मॅडमला मराठी यायला सहा वर्षं लागली,” आत्या म्हणाली. “तोवर बैलगाडीत आम्ही काय मुक्याने बसत होतो?”

तिच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द मी कधी ऐकला नव्हता. तो तिने काढला नव्हता, एवढंच.

पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत क्रमांक पुकारला. पेटीवाल्याने सूर धरला. आत्याने नुसती छत्री वर केली आणि सूर बंद पडला. मग ती मंडळीकडे वळली. तिचा आवाज चढला नाही; चढला असता तर बरं झालं असतं.

“माझा अमोस बोटीवर नाही. जबलपूरला तुरुंगात आहे. त्याच्या हातून माणूस मेलंय. मी हे तुम्हांला सांगितलं नाही, तुमच्या तोंडांना भिऊन सांगितलं नाही. या मास्तरला सांगितलं. याने ते विलायतेला कळवलं. तिकडच्या बाया तीन वर्षं माझ्या पोरासाठी उठतायत आणि तुम्ही तीन वर्षं बोटीसाठी प्रार्थना करताय. आणि मी तुमच्या बोटीला आमेन म्हणतेय.”

समोरच्या बाकावर सगुणा भांबळने पदर तोंडाला लावला. मिसेस लेनॉक्सना शब्द कळले नव्हते, पण एवढं कळलं होतं की आपण काहीतरी फोडलं आहे. त्या हातातलं कार्ड परत बायबलमध्ये घालू लागल्या. आत्याने त्यांचं मनगट धरलं.

“आता विचार तिला,” ती मला म्हणाली. “नीट विचार. तीन वर्षं माझं मागतेस. तुझं काय आहे? गुलाब सोडून सांग म्हणावं.”

मी विचारलं. शब्दाला शब्द, गुलाबांसकट.

मिसेस लेनॉक्सनी चष्मा काढला. इतका वेळ त्या सभेत बोलतात तसं बोलत होत्या; आता त्या एखाद्या दाराशी उभं राहून बोलल्यासारखं बोलल्या. पाच वाक्यं होती. शेवटचं पूर्ण झालं नाही. त्यांच्याबरोबर आलेले तिघे जण त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होते, की त्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं असावं.

सारी मंडळी पुढे सरकून बसली. पाळकसाहेब म्हणाले, “हं, मास्तर. सांगा.”

मी तोंड उघडलं.

“हिचं सांगायचं नाही,” आत्या म्हणाली.

“फिबीबाई, मंडळीला कळायला नको?” पाळकसाहेब म्हणाले. “प्रार्थना कशासाठी करायची मग?”

“मंडळीला एवढं सांगा, की समुद्रापलीकडे दुखणं आहे. कसलं ते देवाला ऐकू गेलंय. तो काही इथे दुभाष्या लावून बसलेला नाही.”

मग तिने छत्री माझ्या हातात दिली, खुंटीला अडकवावी तशी, आणि मिसेस लेनॉक्सचे दोन्ही हात धरून डोळे मिटले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या प्रार्थनेचा आवाज कुणाला ऐकू आला नाही. ओठ तेवढे हलत होते. कोणत्या भाषेत, ते मी फूटभर अंतरावर असूनही मला सांगता येणार नाही. ‘आमेन’ कुठे म्हणायचं ते न कळल्यामुळे मंडळी बराच वेळ तशीच बसून राहिली.

उपासनेनंतर मी तिच्या घरी गेलो. ती दारात उभी होती, आत ये म्हणाली नाही. मी माफी मागितली.

“माफी प्रभू देईल. तो लगेच देतो,” ती म्हणाली. “मला वेळ लागेल.” आणि दार लावलं.

पुढच्याच महिन्यात पाळक उमापांनी बायकांचा शास्त्रवर्ग तिच्याकडून काढून घेतला. विश्रांतीसाठी, असं ठरावात लिहिलं. तो ठराव मला लिहायला सांगितला. मी नाही म्हटलं, आणि परदेशी पत्रव्यवहारही सोडला. त्याने तिचा वर्ग परत आला नाही. ज्या बायांच्या चुलीपुढे तिने जन्म काढला, त्यांतल्या काही तिला बघून पलीकडच्या बाजूने जाऊ लागल्या. मी त्या प्रत्येकीकडे रागाने बघायचो. तेवढं मला फार छान जमायचं. तो राग कुणावरचा होता ते ठाऊक होतं, पण आरशाकडे इतका वेळ बघत बसणं मास्तरला शोभत नाही.

आत्याला दर महिन्याला स्कॉटलंडहून निळं पत्र येऊ लागलं. ते वाचून दाखवायला तिने मला कधी बोलावलं नाही. हवालदारांच्या नातवाची डिक्शनरी मागून आणायची आणि पानावर बोट ठेवून बसायची. अमोससाठीची प्रार्थना मंडळीतून बंद झाली. बोट होती तोवर लोकांना प्रार्थना सुचत होती.

मला मात्र सगळे विचारत. त्या बाई काय म्हणाल्या होत्या? पाळकसाहेबांनी वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमागच्या त्यांच्या खोलीत बोलावून, दार लावून विचारलं. फक्त प्रार्थनेसाठी हवं होतं, म्हणाले. हवालदारांनी देशाच्या सुरक्षेच्या सुरात विचारलं. लग्न झाल्यावर बायकोने विचारलं, आधी लाडाने आणि मग अबोला धरून. पुढे तीस-पस्तीस वर्षं मी वर्तमानपत्रांतून लोकांची बिंगं फोडून हसवायचा उद्योग केला. त्या पाच वाक्यांइतका ऐवज त्यात माझ्या हाती पुन्हा आला नाही.

अमोस एक्याऐंशी साली सुटून आला आणि स्टँडजवळ सायकलींचं दुकान टाकून बसला. मिसेस लेनॉक्स त्र्याऐंशीत गेल्या. पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये सायकलीत हवा भरून परतताना आत्याने मला ओसरीवरून हाक मारली. दहा वर्षांनी. ती फार वाळली होती. शेळी वेगळी होती.

“त्या बाईचं कुणाला सांगितलंस?”

“नाही.”

“पाळकाला?”

“नाही.”

“बायकोला तरी सांगितलं असशील.”

“तिनेही विचारलं. नाही सांगितलं.”

ती ओसरीवरून उठली. मग बाजूला सरकून म्हणाली, “आत ये. चहा टाकते.”

मी आत जाऊन बसलो. भिंतीवर कॅलेंडरशेजारी मिसेस लेनॉक्सच्या बायबलमधला तो मऊ कडांचा पुठ्ठ्याचा तुकडा खिळ्याला लावलेला होता, अमोसच्या नावाचा. त्याखाली दुसरा होता, आत्याच्या अक्षरातला. तो मी वाचला नाही. मान तिकडे वळत होती, पण वाचला नाही, आणि ती चुलीपाशी बसून मी वाचतो की काय हे बघत होती.

चहात साखर नव्हती. ती विसरली असेल, असं मी अजूनही म्हणतो. मी तो सगळा प्यालो.